सैल तारांचं मेंडोलिन

फसवलं गेलं माझ्या थोरल्या बहिणीला. कधी, तर चौदा एप्रिलच्या आधीच्या शनिवारी, भर दुपारी, शनिवार पेठेतल्या एका वाद्यांच्या दुकानात. मी शेजारी उभा होतो. ऐकीव काही नाही.

ती हडपसरच्या आयटी पार्कमध्ये कामाला होती आणि आमच्या गायन पार्टीत मेंडोलिन शिकली होती. पार्टीत तोवर बायकांनी फक्त कोरस धरायचा. त्या वर्षी जयंतीला वाद्य घेऊन स्टेजवर बसायचं, हे तिने भांडून मिळवलं होतं. गायकाला मात्र खालून भरीव आवाज हवा होता. म्हणून ऑक्टेव्ह मेंडोलिन, साध्यापेक्षा मोठं आणि एक सप्तक खाली बोलणारं.

सायबर कॅफेत बसून तिने आधी माहिती काढली होती. तारांच्या ताणाने मान वाकते का, तारा टेकतात त्या घोडीखालची फळी दबते का, फळीला आतून आधार कसला, सगळं तिने विचारलं. दुकानदार उत्तरं माझ्याकडे बघून देत होता. शेवटी तिला म्हणाला, "ताई, वाद्य घेताय का पूल बांधताय?"

दुकानातल्या सगळ्या वाद्यांच्या तारा सैल सोडलेल्या. तिने सांगितलं, आमच्यात पट्टी गळ्याची, वाद्याने तिच्यामागे यायचं. गायक काळी चारमध्ये गातो, तर तारा तेवढ्या चढवून दाखवा. त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं: 'वाद्ये जुळवून दाखवली जाणार नाहीत.' वर म्हणाला, "चालेल हो. न चालायला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी वारज्याच्या विहारात तालीम होती. तिने तारा चढवल्या. दुसऱ्या गाण्यात सूर उतरायला लागले, ती पुन्हा चढवत राहिली. चहाला थांबलो तेव्हा घोडीपाशी फळी खचलेली दिसली आणि मान पोटाला जोडलेली तिथे नखभर फट. ढोलकीवाला म्हणाला, "कोरस बरा होता की." कोणी हसलं नाही. त्याला गप्पही कोणी केलं नाही.

वाद्य घेऊन आम्ही परत गेलो. ते एवढ्या वरच्या पट्टीसाठी नसतंच, असं दुकानदाराने आता सांगितलं. बहीण म्हणाली, तुम्हीच चालेल म्हणाला होतात.

"चालेल म्हणालो. टिकेल म्हणालो होतो का?"

बारीक तारा घाला, ताण कमी पडेल, एवढं एक वाक्य त्याला सांगता आलं असतं. खुल्या बाजारात गिऱ्हाईक राजा, असं त्या वर्षांत रोज छापून यायचं. राजाला तार ताणून बघायची परवानगी नव्हती.

जयंतीला ती कोरसमध्ये बसली. पुढच्या वर्षीही. मेंडोलिन कपाटावर आहे.

तुम्ही वाद्य घ्यायला जाल तेव्हा आपली पट्टी सांगा आणि तारा तिथेच, त्याच्यासमोर, तेवढ्या चढवून मागा. मग थांबा. मान डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघा, फळीवरून हात फिरवा. पाटी दाखवली तर उठा, आणि का उठलात ते दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं सांगून बाहेर पडा.