दाविदच्या नावची दंडमाफी

कोऱ्हाळे बुद्रुकच्या भिमाजीनं लग्नाच्या पन्नाशीला दारात मांडव घातला, मिस्सेच्या उपासनेसाठी बारामतीच्या चर्चमधून फादरांना बोलावलं आणि खास रोमहून पोपच्या आशीर्वादाचा कागद मागवला. काचेच्या चौकटीतला तो कागद खुर्चीवर मांडून त्याला झेंडूचा हार घातला होता. येणारा जाणारा त्याच्यासोबत फोटो काढून घेत होता.

साखरबाई पुढच्याच रांगेत बसली होती. भिमाजी तिचा धाकटा दीर. तिचा नवरा दाविद जाऊन वर्ष झालं होतं आणि ह्या मांडवात यायचं तिच्या मनात अजिबात नव्हतं. पण जाऊ द्वारकाबाई स्वतः न्यायला आली. द्वारकाबाईशी तिचं काही वाकडं नव्हतं.

मिस्सा झाली, फादरांनी दोघांना आशीर्वाद दिला. मग भिमाजीनं माईक हातात घेतला.

"पोपनं जाहीर केलेल्या ह्या जुबिली वर्षात आमी यात्रा केली. पापकबुली केली, ख्रिस्तप्रसाद घेतला, पोपच्या हेतूसाठी प्रार्थना केली. त्यानं पूर्ण दंडमाफी मिळती. पर ती मी माझ्यासाठी ठेवली न्हाय. दादाच्या आत्म्याला दिली." त्यानं डोळ्याला रुमाल लावला. "दादाच्या हातनं एकदा चूक झाली, समद्या गावाला ठावं हाय. पर त्याला शुद्धिस्थानातनं सोडवायचं काम भावाचंच की."

बायांनी चुकचुकून माना हलवल्या. साखरबाईच्या अंगाची लाही लाही झाली.

दाविद नदीवरच्या पाणी सोसायटीच्या मोटारीवर राखणदार होता. पस्तीसेक वर्षांपूर्वी एका सकाळी मोटारीची तांब्याची केबल कापून नेलेली सापडली. कापली होती भिमाजीनं, दाविदच्याच खुंटीवरची चावी नेऊन. दाविदनं त्याला धरलं तेव्हा तो पाया पडून रडला. पोरं लहान होती त्याची. संचालकांनी विचारलं तेव्हा दाविद खाली मान घालून उभा राहिला, आणि गप्प राहिला म्हणजे ह्यानंच केलं, असं गावानं ठरवून टाकलं. काम गेलं. पुढं त्याला कुणी नावानं हाकच मारेना, केबलवाला म्हणायचे. मनिषाचं, त्यांच्या लेकीचं, जमत आलेलं लग्न त्यापायी मोडलं. तेव्हा साखरबाई संतापून भिमाजीच्या दारात निघाली होती. दाविदनं तिचा हात धरला. "मी जिता हाय तवर बोलायचं न्हाय. शपथ हाय तुला."

तो जिता असेतो ती बोलली नाही. गेल्यावर बोलून तरी काय त्याला ऐकू जाणार, म्हणून तिनं वर्षभर ओठ आवळून धरले. आणि आता हा माणूस भर मांडवात दाविदचं पाप धुवायला निघाला होता!

ती उठली. भिमाजीकडं तिनं पाहिलंही नाही. सरळ फादरांसमोर जाऊन उभी राहिली.

"फादर, मला एक सांगा. दंडमाफी म्हंजी काय?"

फादर गोंधळले. "मावशी, जेवणं झाल्यावर बसून बोलू."

"आत्ता. हितंच. त्यांनी माईकवर सांगितलं न्हवं?"

फादर खुर्चीवरून उठले. "पापाची क्षमा पापकबुलीत होते. पण क्षमा झाली तरी पापानं केलेली जखम उरते, आत्म्याला तिची शिक्षा भोगून शुद्ध व्हावं लागतं. त्या शिक्षेची माफी म्हणजे दंडमाफी. आपण ती स्वतःसाठी घेऊ शकतो, नाहीतर मेलेल्या माणसासाठी देवाकडं मागू शकतो."

"आणि एकाच्या पापासाठी दुसऱ्याचं नाव मातीत गेलं असलं तर? ते कोण भरून देणार? पोप?"

मांडवाच्या मागं पहिली पंगत बसली होती. आचारी वाढता वाढता थांबला.

"नाही," फादर हळू आवाजात म्हणाले. "ज्यानं नाव घालवलं त्यानंच ते परत द्यायचं. पापाला मनातून सोडलं नाही, तर दंडमाफी पूर्ण मिळत नाही."

"आणि ह्यो कागद?"

"तो आशीर्वाद आहे, मावशी. सुटकेची चिठ्ठी नव्हे."

तेव्हा कुठं साखरबाई भिमाजीकडं वळली.

"ऐकलंस? माझ्या नवऱ्याला सोडवतोस व्हय रं तू? तुज्यापायी त्यो केबलवाला झाला आणि तूच त्याला माफी देतोस? केबल कुणी कापली, ते सांग की माईकवर!"

"वहिनी, चार लोकांत…"

"चार लोकांतच गेलं त्याचं नाव! बंद खोलीत न्हाय गेलं!"

भिमाजीचा मुलगा तिला धरायला पुढं झाला. तिनं त्याचा हात असा झिडकारला की तो दोन पावलं मागं सरला. द्वारकाबाई नव्या शालूत तशीच नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"अवो, खरं हाय का हे?"

भिमाजीनं माईक खाली ठेवला. एवढ्या माणसांत त्याचं ते गप्प बसणं सगळ्यांना कळलं. अर्ध्या पंगतीवरून लोक उठले. द्वारकाबाईनं खुर्चीवरची चौकट उचलून आत नेली आणि कपाटात ठेवून दार लावलं. "खरं सांगाल त्या दिशी भिंतीवर लागंल," एवढंच ती म्हणाली.

पंधरवड्यानं सोसायटीची सभा होती. भिमाजी तिथं उठला आणि केबल आपण कापली, दादाचा त्यात काही दोष नव्हता, असं अडखळत बोलला. नवे संचालक एकमेकांकडं पाहत राहिले. त्यांतल्या निम्म्यांना केबल ठाऊक नव्हती. जुने होते त्यांनी नजर खाली घातली. दाविदला केबलवाला म्हणणारा एक म्हातारा संध्याकाळी साखरबाईच्या ओट्यावर येऊन बसला. तिनं त्याला चहाही विचारला नाही.

माणसं म्हणायला लागली, झालं की आता, सोडा राग. तिला त्याचाच जास्त राग आला. ज्यानं ऐकायला हवं होतं तो मातीत होता. मनिषा कधीची परगावी शिवणकाम करून एकटी राहत होती. त्यांना कोण काय परत देणार होतं?

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कबरस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, की त्यांच्यासाठी दंडमाफी मिळते. साखरबाई आधी बारामतीला पापकबुलीला गेली.

"फादर, दिराचं वाटोळं व्हावं असं रोज वाटतं. कबूल करते. पर राग गेलेला न्हाय."

"अन्यायाचा राग म्हणजे पाप नव्हे," फादर म्हणाले. "वाटोळं मागणं तेवढं सोडा."

"प्रयत्न करीन," ती म्हणाली. "वचन देत न्हाय."

कबरस्तानात तिनं दाविदच्या कबरेवरचं गवत उपटलं, मेणबत्ती लावली आणि 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणायला घेतलं. मागं पावलं वाजली. भिमाजी होता, हातात फुलं घेऊन.

"वहिनी, मी पण म्हणू का प्रार्थना?"

साखरबाईनं मान वळवली नाही. उपटलेलं गवत गोळा करून तिनं बाजूला टाकलं.

"तितं लांब उभा ऱ्हा," ती म्हणाली. "आणि मोठ्यानं म्हण. त्याला ऐकू जाऊ दे."