मधली खुर्ची

किन्शासा ते लुबुम्बाशी पंधराशे किलोमीटर, विमानाला सव्वादोन तास. बोलुम्बूला या आकड्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. तिचे वडील नदीवरच्या बोटीत कामाला. किसांगानीला पोचायला तीन आठवडे लागायचे, पण नको त्या माणसापासून दूर बसायला बोटीला दुसरं टोक तरी होतं! विमानात माणूस जाणार कुठे?

आणि हिला दूर बसायचं होतं ते जावयापासून. किन्शासातल्या मासिनाच्या बाजारात तीस वर्षं सुकी मासळी विकलेली ही बाई, पोलिसालाही दटावायला कमी करायची नाही. जावई दिसला की मात्र मान खाली. सासूनं जावयाकडे बघायचं नाही, त्याच्यासमोर घास घ्यायचा नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही. यात चूक झाली तर लेकीच्या संसाराला बोल लागतो, असं तिच्या आईनं बजावलं होतं. नऊ वर्षांत तिनं एकदाही चूक केली नव्हती.

आता त्याच लेकीला, म्बोयोला, तिकडे लुबुम्बाशीत नऊ वर्षांनी मूल होणार होतं. दोन दिवसांवर आलेलं. रस्ता म्हणावा तर नावालाच. जावई म्वेपू कामासाठी किन्शासाला आला होता, तोच सासूला घेऊन निघाला. तिकिटं मात्र त्यानं शेजारशेजारची काढली होती, शहाण्यानं.

बोलुम्बू खिडकीशी बसली आणि पलीकडच्या ओदिल नावाच्या कापडवालीला तिनं मध्ये बसायला लावलं. ओदिललाही जावई होता. काही न विचारता ती दोघांच्या मधोमध बसली आणि निरोप्याचं काम करू लागली. किती राहिलं, विचारा. दीड तास, सांगा. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. लुबुम्बाशीचं घड्याळ तासभर पुढे असतं, असं ओदिलनं सांगितल्यावर तर म्हातारी भडकलीच. आपला तास कुणी लाटला, म्हणून कुरकुरत बसली.

मग ओदिल स्वच्छतागृहात गेली आणि नेमकं तेव्हाच विमान ढगात शिरून गदगदा हलायला लागलं. विमानातल्या कर्मचाऱ्यांनी ओदिलला मागेच कुठेतरी बसवून टाकलं. मधली खुर्ची रिकामी. बोलुम्बूच्या तोंडचं पाणी पळालं. लेकीचं तोंड आता दिसतंय की नाही, एवढं एकच मनात.

शेवटी ती त्या खुर्चीलाच म्हणाली, "त्यांना विचार, किती राहिलं?"

पलीकडून म्वेपूही खुर्चीलाच म्हणाला, "आईंना सांग, मला माहीत नाही. मघापासून अंदाजानं ठोकून देतोय. निघाल्यापासून माझे डोळे मिटलेलेच आहेत. म्बोयोला सांगू नका म्हणावं."

बोलुम्बूनं मान वळवली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा जावयाकडे नीट पाहिलं. कानशिलावर केस पिकलेले, ओठावर घाम, दोन्ही हातांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरलेला. लेक दिली, आणि हा पोरगा दिसतो कसा तेही आपण पाहिलं नाही! तिनं पट्टा सोडला आणि सरकून मधल्या खुर्चीवर आली.

"दे रे बाळा हात इकडे," ती म्हणाली.

विमान शांत झाल्यावर ओदिल परत आली. दोघांकडे एकवार बघून तिनं हळूच आपली पर्स उचलली आणि ती मागे जाऊन बसली. किती राहिलं, हे बोलुम्बूनं पुन्हा कुणालाच विचारलं नाही.