निंब पुढे येत नाही

घराचं कुलूप स्वतःच लावणाऱ्या आणि स्वतःच उघडणाऱ्या माझ्या मित्रांनो! आपलं गाऱ्हाणं एकच. लोक आपली चौकशी करतात, पण आपल्यावाचून कोणाचं काही अडत नाही. एवढ्या सभा गाजवल्या, पण हे मी कधी बोललो नाही. आज एका जुन्या प्रवासाच्या निमित्ताने बोलतो.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी वर्ध्यात एका खोलीत राहायचो, पुस्तकांशी भांडत. तळेगाव (श्यामजी पंत) इथे श्रमप्रतिष्ठेवर भाषण ठरलं. आता तुम्ही गाडीने आर्वीमार्गे सहज पोचाल. मी आधी रेल्वेने पुलगाव आणि तिथून छोट्या रुळांची गाडी धरून आर्वी गाठली. ती इतकी सावकाश की दोन्हीकडची कपाशी मोजत जावं. आर्वीच्या स्टँडवर तर्री ओतलेला आलुबोंडा खाल्ला. चिल्लरीत पोट भरायचं. पुढे एसटी.

तळेगावात देवळासमोर सभेची सतरंजी अंथरलेली होती, माणूस मात्र एकही नाही. दुसऱ्या दिवशी पोळा! हातांचं मोल सांगायला मी नेमका सगळ्यांचे हात गुंतलेल्या दिवशी गेलो होतो. परतीची एसटी थेट सकाळी.

भटकताना कडुनिंबाखाली एक म्हातारा दिसला. सूर्यभानजी. अंबाडीच्या तागाचा दोर वळत होते. एक टोक झाडाला बांधलेलं, दुसऱ्या टोकाला ते लाकडी फिरकीने पीळ देत. दर थोड्या वेळाने उठायचे, झाडाशी जाऊन गाठ सैल करायचे, परत यायचे.

"झाड धरतंय की दोर," मी म्हणालो.

"निंब धरते जी, पन पुढे येत नाई. पीळ चढला का दोर आखडते. समोरच्यानं पाऊल पाऊल पुढे याले लागते. चाळीस वर्सं बुढी येत होती. चैतात गेली." मग फिरकीकडे बघत म्हणाले, "पोरगा म्हनते, नायलॉनचा आनतो. पोळ्याले बैलाच्या गळ्यात घरचाच दोर पाह्यजे. उद्या दुपारपर्यंत झाला तर झाला."

मी टोक सोडवून हातात घेतलं. घेतलं आणि सवयीने बोलू लागलो: यंत्र, माणूस, हरवलेले हात. ऐन रंगात आलो, उजवा हात उंचावला, आणि टोक सुटलं! दोर सापासारखा उसळला आणि जागोजागी गुंतला. तासाभराची मेहनत मातीत.

शेजारची बाई कुडावरून ओरडली, "भाऊजी, वक्ता काऊन धरला दोराले? त्याच्यापेक्षा निंब बरा!"

"बोलू दे वो," सूर्यभानजी हसले. मग मला म्हणाले, "भासन मी ऐकून राह्यलो ना जी. पन हात खालीच ठेवा."

पुन्हा सुरुवात झाली. मी तोंड मिटलं. ताग तळव्याला चावत होता. दोर ओढायला लागला की अर्धं पाऊल पुढे, ढिला पडला की थांबायचं. आम्ही दोघं एकमेकांकडे सरकत होतो आणि मधे घट्ट, सोनेरी वस्तू जन्माला येत होती. माझ्या शब्दांनी असं काही कधी तयार झालं नव्हतं. दिवेलागणीपर्यंत अर्धा दोर झाला. त्यांनी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावलं आणि रीतीप्रमाणे त्यांना म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग माझ्याकडे वळून, "तुमीबी घ्या जी. अर्धा रायला."

सकाळची एसटी मी सोडली. दुपारी बैल तोरणाखाली उभा राहिला तेव्हा त्याच्या गळ्यात आमचा दोर होता. एका जागी थोडा जाड, तिथे मी अडखळलो होतो. सूर्यभानजी तिथेच हात फिरवत राहिले. बाकी कोणी ती जागा ओळखली नाही, पण माझा ऊर भरून आला.

वर्ध्याला परतलो, कुलूप उघडलं. सूर्यभानजींनी निघताना दिलेला ताग खिडकीच्या गजाला बांधून पीळ देऊ लागलो. पीळ चढला, दोर आखडला. गज पुढे आला नाही. तो अर्धवट दोर अजून माझ्याकडे आहे.

म्हणून मित्रांनो, भाषण नको. या रविवारी कुलूप लावा, तुमच्या गावात हाताने काही घडवणाऱ्या एका माणसाकडे जा आणि विचारा, "दुसरं टोक मी धरू का?"