गेरू आणि तांबट

निसर्गप्रेम लहानपणीच रुजवावं लागतं, आणि आमच्या भिलाईत त्यासाठी आधी गेरू कालवतात. काल सेक्टर सहामध्ये कुणी साहेब येणार म्हणून झाडांची खोडं रंगवणं चाललं होतं. ओल्या गेरूचा वास आला आणि ती जुनी सकाळ पुन्हा डोक्यात गेली. शाळेनं मुलांसाठी पक्षीनिरीक्षण ठेवलं होतं. मैदानाकाठच्या निंबाच्या वाळक्या फांदीत माझ्या पुतणीनं तांबटाचं घरटं शोधलं होतं, आत पिल्लं होती, आणि ती दाखवायला तिनं एरवी मोबाइलमधून मान वर न काढणारा अख्खा वर्ग पहाटे उठवून आणला होता. पोचलो तर खोड लाल-पांढरं चकचकीत, आणि फांदी जागेवर नाही. "काका, फांदी कावून तोडली?" पुतणीनं मला विचारलं. मी तेच व्यवस्था पाहणाऱ्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "सूखी थी भाई साहब, चीफ गेस्ट के फोटो में खराब दिखती." फांदी आदल्या संध्याकाळीच कचऱ्याच्या ट्रॉलीतून गेली होती. "पिल्लं होती तिच्यात," मी म्हणालो. "अच्छा? बताना था ना." त्या 'अच्छा'चा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मग पाहुणे आले, पक्षी आपले मित्र आहेत म्हणाले, टाळ्या झाल्या. पुतणीनं टाळी वाजवली नाही म्हणून तिला रांगेत मागे उभं केलं. जाताना प्रत्येक मुलाला तांबटाचं चित्र छापलेली टोपी मिळाली. पुतणीनं ती कधी घातली नाही. मी त्या टोपीनं स्कूटरची सीट पुसतो. रंग पक्का आहे.