गास्तोनच्या अंगठ्याचं नख

सफरचंदाच्या बागेत जोडप्याला एकच पेटारा मिळतो. कमरेएवढा उंच, लाकडी, झाडांच्या ओळीत मधोमध ठेवलेला. एकाने खालची फळं काढायची, दुसऱ्याने शिडीवर चढून वरची, आणि पोटाला बांधलेली झोळी भरली की दोघांनी त्याच पेटाऱ्यात हलक्या हाताने सोडायची. कोणी किती काढली हे कोणी विचारत नाही. पेटाऱ्याला टाचलेल्या चिठ्ठीवर दोघांची नावं शेजारीशेजारी असतात. गास्तोनला ती चिठ्ठी फार आवडायची. नोएलियाशी त्याचं लग्न झालेलं नव्हतं. घर नव्हतं. होती ती एक जुनी व्हॅन, जर्मन पोरांकडून घेतलेली, मागचं दार दोरीने बांधलेली. दोघांची नावं एकत्र लिहिलेली जगात ती एकच जागा होती.

दोघं उरुग्वेतल्या पायसांदूची. तिथे गास्तोनला सगळं गाव ओळखायचं. लग्न असो, बारसं असो, घोड्यांची जत्रा असो, गास्तोनची गिटार हवीच. त्यासाठी त्याने उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं, कानशीने घासून चंद्रकोरीसारखं केलेलं. नोएलिया औषधाच्या दुकानात उभी असायची आणि लोक म्हणायचे, ‘ही गास्तोनची.’ काम करत फिरायच्या व्हिसावर दोघं न्यूझीलंडला आली आणि मोटुएकाच्या बागेत पहिल्याच हंगामात हे सगळं उलटं झालं. इथे लोक म्हणायला लागले, ‘गास्तोन कोण? हां, तो होय, नोएलियाचा!’

कारण नोएलियाचा हात. फळाखाली तळवा गेला, मनगट वर वळलं, की देठासकट फळ झोळीत. डोळे तोवर पुढच्या फळावर. गास्तोनला अंगठा बाजूला धरून काढावं लागे, नाहीतर नख सालीत रुतायचं.

“काप ते नख,” ती पहिल्या दिवसापासून सांगत होती.

“कापलं तर वाजवू कशाने? तुझ्या अंगठ्याने?”

“वाजवतोस कधी पण? गिटारीच्या खोक्यावर आपण कांदे ठेवतोय.”

खरंच ठेवत होते. अंडी, भात, कांदे आणि बागेने फेकून दिलेली वेडीवाकडी सफरचंदं, एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता. न्हाणीत गरम पाण्यासाठी यंत्रात नाणं टाकावं लागे, म्हणून एका नाण्यात दोघांची आंघोळ. त्यात गास्तोन खूश होता. पेटारा एक, नाणं एक, माणूस आपलं.

मग एका सकाळी रेविन आली. रेविन म्हणजे त्या ओळींची मुकादम, साठीची, उन्हात भाजून निघालेली, चार चाकांच्या मोटारसायकलवरून न उतरता हुकूम सोडणारी.

“नोएलिया, बाळा, आजपासून तू काल्मेटबरोबर. त्याच्या जोडीदाराचा गुडघा गेलाय. गास्तोन, तुला वेगळा पेटारा.”

“पण आम्ही जोडी आहोत,” गास्तोन म्हणाला.

“व्हॅनमध्ये आहात की! इथे मला फळ उतरवायचंय. तुझ्या पायी ती अडकून पडते रे, पोरा.”

चारचौघांत बोलली. चेक देशातली पोरं फिसकन हसली. गास्तोनने झोळी उचलली आणि मुकाट्याने पलीकडच्या ओळीत गेला.

काल्मेट वानुआतू बेटांवरचा. पस्तिशीचा, खांद्याने रुंद, आवाजाने त्याहून रुंद. दर हंगामाला त्याच्या गावची माणसं टोळीने यायची, बागेच्या खोल्यांत राहायची, रविवारी चर्चमध्ये गाऊन छप्पर हलवायची. गोऱ्या पोरांना एक बाग नाही पटली तर दुसरी होती. काल्मेटच्या व्हिसावर ह्याच बागेचं नाव छापलेलं. बागेने नको म्हटलं की सरळ परतीचं विमान. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे विसरलेलेही होते, कारण विसरायला पैसे पडत नाहीत.

पलीकडच्या ओळीतून गास्तोनला काहीच दिसायचं नाही. झाडांचा पाला इतका दाट, की दिसायचं ते फक्त खालचं: काल्मेटचे काळे गमबूट आणि नोएलियाचे लाल बूट. तो ते बूट बघत बसायचा. काळे सरकले की लाल सरकायचे. लाल थांबले की काळे थांबायचे. काही बोलणं नाही, इशारा नाही, तरी पावलं कशी बरोबर पडत होती! आपल्याबरोबर असताना ती सारखी वळून बघायची, ‘आटप रे’ म्हणायची. आता वळतच नव्हती. आणि मध्येच हसायची. पोट धरून, नाकातून आवाज काढत. ते हसू गास्तोनने पायसांदू सोडल्यापासून ऐकलं नव्हतं.

“काय एवढं हसत होतीस?” संध्याकाळी त्याने कांदा चिरता चिरता विचारलं.

“त्याच्या डुकरिणीवर. ती म्हणे चर्चमध्ये शिरून पाद्र्याच्या खुर्चीत झोपते. आणि पाद्री उभ्याने प्रवचन देतो.”

“ह्यात काय आहे हसण्यासारखं?”

“तू सांगितलंस तर काहीच नाही,” ती म्हणाली. “तो सांगतो तेव्हा आहे.”

आता हे ती गमतीत बोलली असेल. पण काट्याला काय, गमतीत टोचला तरी काटाच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सुट्टीत गास्तोन थर्मास शोधायला लागला, तर थर्मास नाही. माते नाही. पोकळ भोपळ्यातला तो कडू पाल्याचा चहा उरुग्वेच्या माणसाला श्वासासारखा लागतो, आणि तो भोपळा गास्तोनचा होता. त्यात पाणी नेहमी तोच ओतायचा. बघतो तर पलीकडच्या ओळीत नोएलिया उलट्या बादलीवर बसून काल्मेटला माते पाजत होती. काल्मेट तोंड वाकडं करून म्हणत होता, “आमच्या बेटावरचं कडू मुळांचं कावा ह्याच्यापुढे सरबत आहे गं!” आणि तरी पीत होता.

“ये भाऊ, बस,” काल्मेट म्हणाला.

नोएलियाने भोपळा भरून गास्तोनपुढे धरला. पायसांदूत सगळे एकाच नळीने पितात. बस ड्रायव्हर, कंपाउंडर, रस्त्यात भेटलेला परका, कोणीही. गास्तोनने आयुष्यात हजार लोकांचं उष्टं न बघता तोंडाला लावलेलं. त्या दिवशी मात्र त्याने शर्टाचा कोपरा काढला आणि नळी पुसली. नीट, दोनदा पुसली.

त्यांच्याकडे कोणी असं केलं तर ते तोंडावर थुंकण्यासारखं आहे, हे नोएलियाला सांगायची गरज नव्हती. ती पांढरीफटक पडली. काल्मेट एकदा नळीकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला; त्यालाही कळलं. असल्या गोष्टी त्याच्या लोकांना फार लवकर कळतात, रोजचाच सराव असतो.

“पुसलंस?” नोएलिया एवढंच म्हणाली.

“धूळ होती.”

जेवायच्या सुट्टीत सगळे शेडकडे गेले. गास्तोन मागे राहिला. त्याने झाडांवर हात टाकला तो नुसता ओरबाडायला. देठ तुटताहेत, साल फाटतेय, नख खुपतंय, खुपू दे! झोळी भरली तसा तो दोन झाडांमधून पलीकडे घुसला, ती सगळी झोळी काल्मेट-नोएलियाच्या अर्ध्या भरलेल्या पेटाऱ्यात रिकामी केली, आणि त्यांचीच चांगली फळं वरून पसरली. फळाला लागलेला मार लगेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी तपकिरी होऊन वर येतो. रेविन तपासेल, म्हणेल ही जोडी काही जमत नाही, आणि नोएलियाला परत आपल्याकडे धाडेल. एवढाच त्याचा विचार. त्यापुढे त्याचं डोकं गेलंच नाही. ज्याला कधी काही भोगावं लागलेलं नसतं त्याचं डोकं पुढे जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेविनने त्या पेटाऱ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि फळं वर काढून शिडीच्या पायरीवर मांडली. सगळे जमले.

“नोएलिया, बाळा, जरा हलका हात ठेव. घाई नाही करायची,” ती म्हणाली. मग आवाज बदलला. “काल्मेट, तुझं हे दुसऱ्यांदा. आधी ती शिडी ट्रॅक्टरखाली घातलीस. आता मला वर सांगावं लागणार.”

“ही फळं माझी नाहीत, रेविन,” काल्मेट शांतपणे म्हणाला.

“पेटाऱ्यावर नाव कोणाचं आहे?”

“वर सांगितलं की काय होतं?” नोएलियाने विचारलं.

“पुढच्या वर्षीच्या यादीत नाव राहत नाही.”

“आणि माझं? नाव तर माझंही आहे त्याच चिठ्ठीवर!”

“तुझं काय गं?” रेविन म्हणाली. “तू फिरायला आलीयेस.” आणि मोटारसायकल वळवता वळवता हात हलवून म्हणाली, “जा, तू आपली परत गास्तोनबरोबर कर.”

झालं! जे पाहिजे होतं ते मिळालं. चिठ्ठीवर पुन्हा दोन नावं शेजारीशेजारी. गास्तोन शिडीवर चढला, वरची फळं काढायला लागला, शीळसुद्धा घालायला लागला. खाली नोएलिया बोलत नव्हती. ‘आटप रे’सुद्धा म्हणत नव्हती. लाल बूट आता त्याच्याच शिडीखाली होते, पण ते आपल्या चालीने चालले होते, शिडी कुठे आहे ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पलीकडे काळे गमबूट एकटेच सरकत होते. काल्मेट कोणालाच डुकरिणीच्या गोष्टी सांगत नव्हता.

संध्याकाळी व्हॅनमध्ये नोएलियाने कांदे बाजूला केले आणि गिटारीच्या खोक्यावर तीन सफरचंदं ठेवली. त्या नाकारलेल्या पेटाऱ्यातून आणलेली. तिन्हींच्या सालीवर तपकिरी चंद्रकोर उमटलेली.

“अंगठा दाखव,” ती म्हणाली.

गास्तोनने हात खिशात घातला.

“मी तुझ्यासाठी केलं,” तो म्हणाला. “तू परत यावीस म्हणून. त्याच्या नोकरीचं मला काय माहीत?”

“सगळ्या बागेला माहीत आहे. तुला नाही?” तिचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त घाबरला. “उद्या सकाळी रेविनकडे तू जाशील. नाहीतर मी ही तीन फळं घेऊन जाईन.”

“त्याच्यासाठी?”

“हो, त्याच्यासाठी! मग? काय म्हणणं आहे?”

एक चित्र गास्तोनच्या डोळ्यांसमोर आलं: नोएलिया, हातात सफरचंदं, काल्मेटची बाजू घेऊन सगळ्यांसमोर भांडतेय, आणि काल्मेट तिच्याकडे बघतोय. तिने त्या माणसासाठी काही करावं, हे त्याला सहनच होईना. म्हणून मग ते त्यानेच केलं. लोक नंतर म्हणाले, पोराला पश्चात्ताप झाला. कसला पश्चात्ताप! तो कबूल करायला गेला तोही जळतच गेला.

सकाळी त्याने रेविनसमोर अंगठा फळाच्या खुणेवर ठेवला. नख किल्लीसारखं बसलं.

रेविनने ते फळ उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाली, “दुपारपर्यंत व्हॅन काढ.”

“आणि काल्मेट?” नोएलियाने विचारलं.

“त्याचं मी वर सांगितलेलं मागे घेते.” तिने नजर चुकवली. “घेतील ते त्याला. मी बोलते.”

“आज बोल. माझ्यासमोर,” नोएलिया म्हणाली, आणि मोटारसायकलच्या मागच्या दांडीवर चढून बसली. रेविनला फोन लावावा लागला. काल्मेटचं नाव राहिलं.

गास्तोनचं काय झालं? काहीच नाही. नदीपलीकडच्या बागेत नाशपातीला माणसं हवीच होती; व्हॅन भरून होईपर्यंत त्याला काम मिळालंसुद्धा. हीच तर चीड आणणारी गोष्ट आहे.

“तू येतेस ना?” त्याने विचारलं.

“हंगाम संपेपर्यंत मी इथे. खोल्यांत एक खाट रिकामी आहे, पोलिश मुलीबरोबर.”

“आणि संपल्यावर?”

“संपू दे की आधी.”

निघण्याआधी त्याने शेवटचं पाणी तापवलं आणि सुट्टीत भोपळा घेऊन त्या ओळीत आला. उलट्या बादल्यांवर नोएलिया आणि काल्मेट बसले होते. पेटाऱ्यावर नवी चिठ्ठी होती. ती त्याने वाचली नाही.

“भाऊ, ऐक,” काल्मेट म्हणाला. “मला तुझा राग यायला पाहिजे. पण मला इथे राग परवडत नाही. तुला परवडतो. तर माझ्याही वाट्याचा तूच करून टाक, आणि कर तो स्वतःवर.”

गास्तोनने मान हलवली. ओतणाऱ्याने पहिला घोट आपण प्यायचा असतो, तसा तो प्यायला. मग भोपळा भरून नोएलियाला दिला. तिने बाही ओढली आणि नळी पुसली. सावकाश, टोकापर्यंत. मग प्यायली.

तिने परत दिलेला भोपळा त्याने भरला आणि काल्मेटपुढे धरला. काल्मेटने तो घेतला, पुसला-बिसला काही नाही, तिच्या तोंडची नळी सरळ तोंडात धरली, तोंड वाकडं केलं, आणि ती नाकातून हसली.

भोपळा फिरून गास्तोनकडे आला. त्याने पाणी ओतलं. बोटं आपोआप शर्टाच्या कोपऱ्याकडे गेली. दोघंही त्याच्याकडे बघत होते. त्याने कोपरा सोडला, आणि नळी तशीच तोंडाला लावली.