दारातलं कॅरेट

आम्ही पोरांनी मोबाईलवर काढलेला हेरपट, म्हणजे हेराचा पिक्चर, उडाला, याचं खापर गेली नऊ वर्षं आईच्या डोक्यावर फुटतं आहे. माहेरी चार माणसं जमली की भाऊ हटकून विषय काढतो. आईने मोबाईलला हात लावला आणि पिक्चर उडाला, म्हणतो. सगळे हसतात, आईही हसते.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. वडील कागदाच्या मिलमध्ये होते, आम्ही मिलच्याच कॉलनीत राहायचो. भावाचा चौघांचा रॉक बँड होता आणि बुऱ्हाणपूरच्या इतवारा मोहल्ल्यातल्या पोरांचाही एक होता. दोन्ही बँडना मिळून गाणी यायची पाच, त्यातली तीन सारखीच. पण वैर असं की जणू आजोबांपासून चालत आलेलं. शेवटी त्या वैरावरच विनोदी हेरपट काढायचं दोघांनी मिळून ठरवलं. हेर मी. अंगात वडिलांचा रेनकोट, डोळ्यांवर काळा गॉगल, आणि कामगिरी अशी की इतवाऱ्याच्या नव्या गाण्याची चाल चोरून जेवणाच्या डब्यात भरून आणायची. कॅमेरा म्हणजे आईचा नवा मोबाईल.

शत्रूचा अड्डा म्हणून इतवाऱ्याच्या ड्रमरच्या काकांचं केळी पिकवायचं चेंबर मिळालं. त्या दिवशी ते रिकामं होतं. दार आतून उघडायची कडी मोडलेली, म्हणून आत कोणी असलं की दारात केळी भरायचं प्लास्टिकचं कॅरेट अडकवून ठेवायचं, हे तिथल्या प्रत्येकाला पाठ. पण कॅरेट शूटिंगमध्ये दिसत होतं, घाण दिसतं म्हणून भावाने ते बाजूला केलं. मोबाईल आत चालू ठेवून सगळे बाहेर गेले. दार नुसतं लोटायचं होतं, ते घट्ट बसलं.

गोष्टीतही हेर अडकते आणि दार बडवते असंच होतं. त्यामुळे मी खरोखर बडवलं तेव्हा बाहेरून टाळ्या आल्या. शिव्या दिल्या तेव्हा शिट्ट्या आल्या. त्या शहाण्यांचा मला आजही राग येतो. आत गारठा होता, पंखा घरघरत होता आणि पिकल्या केळ्यांचा वास डोक्यात चढला होता. थोड्या वेळाने माझे हात थांबले. बडवून उपयोग नाही, हे मला त्या दारापुरतंच वाटलं नाही.

धूलकोटचं स्थळ ठरलं होतं, पुढच्या महिन्यात लग्न होतं. मुलगा वाईट नव्हता. मला इंदूरला एम.ए. करायचं होतं, एवढंच. घरात ते कोणाला सांगायची सोय नव्हती. मोबाईलवरचा लाल ठिपका चालू होता. त्याच्याकडे बघून मी म्हणाले, "मले नाही करायचं हे लग्न. कोणी एक बार तरी पूछलं का मले?"

वीसेक मिनिटांनी दार उघडलं. भावाने ॲक्टिंगचं कौतुक केलं. मोबाईल माझ्याच हातात होता, ते बोलणं मला पुसता आलं असतं. न पुसता तो तसाच आईला नेऊन दिला. तिने ऐकावं अशीच माझी इच्छा होती, उगाच कशाला लपवू.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली की चुकून काहीतरी दाबलं गेलं, सगळंच उडालं. लग्न झालं. नवरा भला आहे, केळीची बाग आहे. पण धूलकोटहून बुऱ्हाणपूरला यायचं तरी मला सासऱ्यांपासून दिरापर्यंत चौघांना विचारावं लागतं. कोणी ऐकलंच नाही तर कोण काय करणार, अशी मनाची समजूत घालून मी नांदत आले.

गेल्या महिन्यात हे मला न्यायला माहेरी आले होते. बाहेर ते आणि भाऊ बसलेले, आत मी आणि आई मेथी निवडत होतो. आई वर न बघता म्हणाली, "उडालं नव्हतं. मी ऐकलं, दोन बार. मग पुसलं."

"मग बोलली का नाही?"

"पत्रिका वाटून झाल्या होत्या."

मला संताप आला. आणि त्याच वेळी लक्षात आलं की नऊ वर्षं ही बाई सगळ्यांपुढे अडाणी ठरते आहे, ते माझं बोलणं झाकण्यासाठी. त्यामुळे धड भांडताही येईना.

तेवढ्यात भावाने हाक मारली, जावईबापूंना पिक्चरचा किस्सा सांग म्हणून. आई पदराला हात पुसत बाहेर गेली आणि सांगू लागली, मेला माझाच हात लागला. हे मोठ्याने हसले. मी चहा घेऊन गेले आणि सगळ्यांबरोबर हसले.