खुणांवर चाललेलं बारसं

माझा मित्र पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा आणि त्याला खालून खुणा करणारा सिग्नलवाला मी. तो वर केबिनमध्ये, मी खाली, आणि मध्ये एवढा आवाज की ड्युटीवर आम्ही वर्षानुवर्षं एक शब्द बोललो नाही. बोट वर करून फिरवलं की हुक वर, खाली करून फिरवलं की खाली, पंजा ताठ धरला की थांब. त्या आवाजानं शेवटी त्याचे कान नेले. माझे वाचले, तोंडही वाचलं. म्हणून निवृत्तीनंतर मोबाइल अडला की तो मलाच धरतो.

गेल्या वर्षी त्याची बायको लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेली. याचा व्हिसा अडकला. नातीचं बारसं आपल्या संध्याकाळी सहाला होतं, ते त्यानं व्हिडिओवर बघायचं ठरलं. साडेपाचला त्याचा फोन आला.

"अबे, पोरीनं लिंक धाडली, ते उघडूनच नाही राहिली! एकुलती एक नात आहे बे. मीच नाही राहीन काय तिच्या बारशाले?"

एरवी मी रिक्षा करून भिलाईला त्याच्या घरी गेलो असतो. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी शेजारच्या दुर्गमध्ये, पद्मनाभपुरातल्या माझ्या घरी पलंगावर पाय लांब करून पडलो होतो. मी सांगत गेलो, त्याला ऐकू येईना. मग ओरडलो.

"कावून चिडून राहिला?" तो म्हणाला.

त्याची बायको आपला इथला फोन घरीच ठेवून गेली होती. मी त्यावर व्हिडिओ कॉल लावला. हिरवं बटण त्याला येतं. मग खुणेनंच तो फोन मसाल्याच्या डब्याला टेकवायला लावला, त्याचा फोन माझ्यासमोर धरायला लावला आणि बोट वर केलं. गडी एकदम सावरून बसला.

स्क्रीन मला दाखवायची, परत स्वतःकडे वळवायची, माझा हात बघायचा आणि मगच दाबायचं. खूण होईपर्यंत त्याचं बोट काचेवर तसंच अधांतरी. एकदा नाकावर माशी बसली म्हणून मी हात झटकला, तर त्यानं सगळं बंद करून टाकलं. मी मनसोक्त शिव्या घातल्या. त्याला ऐकू येत नाही, याचा तेवढा फायदा.

सहाला एक-दोन मिनिटं असताना पाळणा दिसला. बायको दिसली, लेक दिसली. आत्यानं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यानंही वाजवल्या. मग हळूच माझ्याकडे वळून विचारलं, "काय ठेवलं बे नाव?"

नावाची खूण आमच्याकडे नव्हती. मी औषधाच्या चिठ्ठीमागे ते मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यानं दोनदा ओठांतल्या ओठांत वाचलं. मग नातीकडे वळला आणि असा काही ओरडला की तिकडचे सगळे गप्प झाले.

पाळण्यातली पोर दचकली आणि तोंड वासून रडायला लागली.

"पाह्य बे," डोळे पुसत तो मला म्हणाला, "पहिल्या हाकेत ऐकलं तिनं."